पुलाचं शेंडेफळ

"आजी, मला का गं नाही नेलं पुलावरून?"

विचारलं एकदाचं! स्पृहाच्या छातीत धडधडत होतं, पण ती धडधड तिच्या ओळखीची होती. दम धरून मधली रेषा ओलांडली आणि समोरच्या सातही जणी अंगावर धावून यायच्या बेतात असल्या, की अशीच होते. वर्षभरापूर्वी हजेरीला 'येस मिस' म्हणताना जिचा आवाज फुटत नसे, ती पोरगी आज सगळ्या घरच्यांसमोर, तेही बाळाच्या दिवशी, हे विचारून मोकळी झाली होती. भक्ती मयेकर इथे असती तर तिने शिट्टीच मारली असती.

डेअर भक्तीचंच होतं. शुक्रवारी कबड्डीच्या प्रॅक्टिसनंतर शाळेबाहेरच्या वडापावच्या गाडीवर टीममधल्या चौघी उभ्या होत्या आणि स्पृहा नेहमीचं रडगाणं गात होती. रविवारी टॉवरवाले पूल उघडणार, चुलतबहीण अक्षदाताईच्या बाळाला, चिमीला, पुलावरून नेणार, आणि नेणार कोण? तर तिचीच धाकटी बहीण अपूर्वा. कारण घरातलं पुलावरून शेवटचं गेलेलं बाळ अपूर्वा. स्पृहा तिच्याहून तीनच महिन्यांनी धाकटी, पण तिच्या वेळी बिल्डरने पुलाला पत्रे ठोकले होते. फुटकं नशीब, दुसरं काय!

"कधी ठोकले पत्रे?" भक्तीने तळलेली मिरची चावत विचारलं.

"मी झाले तेव्हा. सगळ्यांना माहितीये."

"ए, चल! आमचा दादा त्या पुलावर अंडरआर्म खेळायचा. पत्रे लागले तेव्हा त्याचा बॉल आत राहिला म्हणून भोकाड पसरलं होतं त्याने. मला चांगलं आठवतंय."

"मग?"

"मग काय मग? मला आठवतंय म्हणजे मी चार-पाच वर्षांची तरी असणार ना? आणि मी तुझ्याच वर्गात आहे, बावळट!"

स्पृहाच्या हातातला वडापाव तसाच राहिला. आयुष्यभर जे पत्रे तिने डोळ्यांसमोर आणले होते, निळे, गंजके, वर काटेरी तार, ते असे एका मिरचीच्या घासात खाली आले होते.

"विचार की घरी," भक्ती म्हणाली. "पण गुपचूप नाय हां. रविवारी, सगळ्यांसमोर. डेअर! नाही विचारलंस तर फायनलला पहिली चढाई माझी."

म्हणून आता ती इथे, पुलाच्या पायथ्याशी, सगळ्यांसमोर उभी होती.

पूल तसा केवढासा! काळ्या दगडाची एकच कमान, दोन माणसं जेमतेम शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंदी, कठड्यावर दगडी कमळकळ्या. त्यातली एक कळी तुटकी होती, ती दुरुस्तीत बसवायची राहिली की मुद्दाम ठेवली, देव जाणे. परळची ही सगळी जमीन एके काळी एका शेठची बाग होती. फोर्टातून शेठची माणसं बग्गीत बसून इथे हवा खायला यायची, तळ्यापर्यंत फिरायची, आणि तळ्याकडे जाणाऱ्या ओढ्यावर त्यांच्यासाठी हा पूल. बागेत झाडलोट करणारा बुधाजी, स्पृहाचा पणजोबा, आणि त्याच्या वस्तीतली माणसं मात्र पुलाखालून, चिखलातून जायची. डोक्यावर पाल्याची टोपली घेऊन. पुलावर पाय ठेवायची त्यांना बंदी होती. पुढे शेठ गेला, बाग गिरणीने घेतली, आणि फाटकावरचा भय्या हलला त्या पहिल्याच सकाळी बुधाजीने आपलं तान्हं पोर उचललं आणि ताठ मानेने पुलाच्या मधोमध चालत पलीकडे नेलं. ते पोर म्हणजे स्पृहाचे आजोबा, शामराव. तेव्हापासून घरातलं प्रत्येक बाळ सव्वा महिन्याचं झालं की पुलावरून जायचं. ना पूजा, ना नारळ. फक्त चालत जायचं, मधोमध, आणि 'जय भीम' म्हणून पलीकडे उतरायचं.

गिरणी गेली, चाळ गेली, टॉवर आला. ओढ्याच्या जागी आता पांढरे गुळगुळीत गोटे होते आणि त्यांच्यात रात्री लागायचे निळे दिवे. टॉवरच्या सोसायटीने पुलाची दुरुस्ती केली आणि जुन्या चाळवाल्यांना रविवार सकाळचे दोन तास दिले. आत्ता पुलावर टॉवरमधली एक बाई तिच्या लठ्ठ कुत्र्याचे फोटो काढत होती. कुत्रा पुलावरून तीनदा जाऊन आला होता. स्पृहाला त्याचाही हेवा वाटला.

"पत्रे होते ना गं, पिल्लू," पप्पा सवयीने म्हणाले.

"नव्हते, पप्पा." आणि स्पृहाने भक्तीचा दादा, त्याचा बॉल आणि भक्तीचं वय, सगळं धडाधड मांडलं. "मी झाल्यावर चांगली चार-पाच वर्षं पूल उघडा होता. पोरं क्रिकेट खेळत होती इथे! मग मला का नाही?"

जाईबाई वॉचमनने आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, पांढऱ्या साडीचा पदर नीट खांद्यावरून घेऊन. तिने आधी नातीकडे पाहिलं, मग धाकट्या मुलाकडे.

"गौतमा, ते पत्रे कुणी ठोकले ते सांग आता. पंधरा वर्सं झाली, गंजले असतील."

"आई, आज कशाला..."

"पोरीनं विचारलंय. मी विचारलेलं नाय."

पप्पांनी कान खाजवला. "तुझं नाव ठेवलं त्या दिवशी आत्यानं विचारलं, पुलावर कधी नेणार? मी म्हटलं, आता काय, बिल्डर पत्रे ठोकतोय. सुटकेसाठी बोललो गं. पण ते असं पसरलं की पुढे मलाही खरंच वाटायला लागलं."

"सुटका कशातून?"

आता मात्र पप्पांनी मम्मीकडे पाहिलं आणि मम्मीने कुत्र्याकडे.

"स्पृहे, आजच काढायचं होतं का गं हे?" अपूर्वा पुढे आली. पांढरा कुर्ता, निळी ओढणी, ओढणीला खांद्यावर पिन. तयारीत होती अगदी! "चिमी उठेल, सोसायटीवाले अकराला हाकलतील. तुझं नेहमीचंच आहे. माझं काही असलं की तुला मध्ये यायचंच असतं."

"तुझं काही? सगळंच तुझं असतं, अपू! बाळ तुमचं, नेणारी तू, आजी तुमच्या घरी. आणि वाढदिवसाला दर वर्षी तेच, 'आमचं पुलाचं शेंडेफळ!' शेंडेफळ मी आहे. तीन महिन्यांनी धाकटी मी आहे!"

"घराचं असशील. पुलाचं मी आहे."

हेच ते. हेच वाक्य स्पृहाने लहानपणापासून ऐकलं होतं, भातुकलीत, सायकलच्या पाळीवर, आजीच्या कुशीत कोण झोपणार या भांडणात. पुलावरून शेवटी गेलं ते पुलाचं शेंडेफळ, आणि पुढच्या बाळाला न्यायचा मान शेंडेफळाचा. अशी एकाच्या हातून दुसऱ्याकडे जात आलेली रांग होती ती. शामरावांनी आपल्या बहिणीला नेलेलं, तिने तिच्या पाठच्याला, असं करत करत ती अपूर्वापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. स्पृहा त्या रांगेत कुठे नव्हतीच. घरातल्या फोटोत होती, रेशनकार्डावर होती, रांगेत नव्हती.

"आणि नाक्यावरच्या फ्लेक्सवर झळकलीस ना आता?" अपूर्वाचा आवाज चिरकला. "'कबड्डीतील चमकती कन्या'! माझ्या बिल्डिंगखाली लावलाय, रोज क्लासला जाताना तुझं थोबाड बघते मी. तेवढं पुरत नाही का तुला?"

स्पृहाला कळेना, चिडावं की खूश व्हावं. अपूर्वा तिच्यावर जळते? अपूर्वा? जिचे केस कमरेपर्यंत, जिला इंग्लिशची मिस नावाने हाक मारते, ती?

"मीच दिली नाही."

मम्मीचा आवाज. एवढा शांत की सगळ्यांना वळून पाहावं लागलं.

"प्रिती, राहू दे," पप्पा म्हणाले.

"का राहू दे? तिनं विचारलंय ना? मग मला विचारायला पाहिजे होतं, आजीला कशाला?" मम्मी स्पृहाकडे वळली. "तू सव्वा महिन्याची झालीस तेव्हा शेंडेफळ होती अपूर्वा. चार महिन्यांची. तिला स्वतःला धड बसता येत नव्हतं, ती तुला काय उचलणार? मग काय करायचं असतं अशा वेळी?"

"शेंडेफळ लहान असेल तर त्याच्या जागी त्याची आई नेते," स्पृहा पाठ केल्यासारखं म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. तिने अपूर्वाच्या आईकडे, मानसीकडे, म्हणजे आपल्या मोठ्या मम्मीकडे पाहिलं.

मोठी मम्मी अक्षदाताईच्या शेजारी उभी होती, बाळाचं कुंचडं हातात घेऊन. त्याची नाडी ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

"म्हणजे मोठ्या मम्मीने न्यायचं होतं मला? आणि तू नाही म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"का?"

मम्मी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "सांगितलं तर तुला वेड्यासारखं वाटेल. एका साडीवरून."

"प्रिती!" मोठ्या मम्मीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "साडीवरून? एवढी वर्षं मी काय काय मनात घेऊन बसले आणि तू म्हणतेस साडीवरून?"

"हो, ताई. साडीवरून! माझं पहिलं बाळंतपण होतं. तुमचं अक्षदानंतर दहा वर्षांनी. तुमची ओटी भरली तेव्हा गच्चीवर मांडव, झोपाळा, फुलांचा मुकुट, अख्खी चाळ जेवली. हिरवीगार नवी साडी. मी कौतुकानं वाढत होते, पाच महिन्यांचं पोट घेऊन. वाटलं, आपलं पण असंच होणार. आणि माझी वेळ आली तेव्हा आईंनी कपाटातून काय काढलं? तीच साडी! तुमचीच. पदरावर आमटीचा डाग तसाच. मी बाथरूममध्ये जाऊन डाग चोळला, निघाला नाही. तो डाग पोटावर घेऊन मी फोटोत बसलेय. बघा अल्बममध्ये."

"मग ते मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचं उतरलेलं मला नको?"

"अगं, मी कुठे उतरवली होती?" मोठी मम्मी एक पाऊल पुढे आली. "आईंनी मला न विचारता काढून नेली ती. मला ती जपून ठेवायची होती. दोन गेली होती माझी, प्रिती. दोन. अपूर्वा पोटात टिकली, त्याची ती एक साडी, तो एक दिवस मला माझा म्हणून हवा होता. आणि ती साडी तुझ्या अंगावर बघितली तेव्हा मला वाटलं, घ्या, हिला माझं हे पण हवं! तुला सगळं पहिल्या झटक्यात मिळालं होतं."

कुत्रेवाली बाई फोन खाली करून ऐकत होती. मराठी तिला कळत असो वा नसो, भांडण कळत होतं.

"आणि वर," मोठ्या मम्मीचा आवाज खाली आला, "तुझं बाळ मी न्यायची वेळ आली तेव्हा तू म्हणालीस, 'त्यांच्या हातात माझी पोर द्यायची नाही.' दाराआडून ऐकलं मी. जिची दोन गेली तिच्या हातात. असंच ना?"

मम्मीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई! तसं नाही हो. तसं मनात सुद्धा नव्हतं माझ्या. मला एवढंच होतं, की तुम्ही नेलं असतं तर जन्मभर 'मी नेली' म्हणाला असतात. साडी तुमची, पोर पण तुमच्या हातून. माझं असं काय उरलं असतं?"

पंधरा वर्षं दोघी एकत्र बसून पापड लाटत होत्या, एकमेकींच्या माहेरी जात होत्या, आणि पोटात हे! स्पृहाला आठवलं, दर दिवाळीला मम्मी मोठ्या मम्मीकडे करंज्या पाठवायची, त्या नेमक्या बिघडलेल्या. आणि मोठी मम्मी अपूर्वाचे जुने फ्रॉक स्पृहासाठी कधीच द्यायची नाही. स्पृहाला वाटायचं, कंजूस आहेत.

"झालं दोघींचं?" जाईबाईने खुर्चीचा हात थोपटला. "आता माझं ऐका. साडी मीच काढली. आणि दिली ती काय जुनी म्हणून नाय दिली. ती गुणाची होती."

"गुणाची?" मम्मी आणि मोठी मम्मी एकदमच म्हणाल्या.

"हां, गुणाची! मानसीची दोन गेलेली, त्या साडीत ओटी भरली आणि ही ढमी," तिने अपूर्वाकडे बोट केलं, "धडधाकट झाली. मग म्हटलं, तीच साडी प्रितीला लागू दे. तिचं पण सुखरूप होऊ दे. नवी घेता आली नसती काय मला? मुद्दाम दिली. डाग पण धुतला नाय, धुतल्यानं गुण गेला तर?"

"मग तेव्हा बोलायचं ना, आई!" पप्पा जवळजवळ ओरडले.

"कुणासमोर बोलू? तुझा बाप घरात! बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, आणि मी म्हणू साडीत गुण हाय? त्यांनी मला विहारात उभी करून भाषण दिलं असतं. 'जाई, कापडात कसला गुण?' म्हणून गप बसले. आणि अजून वाटतं मला, होता गुण. दोन्ही पोरी बघा कशा घोडीसारख्या झाल्यात."

अक्षदाताईला हसू फुटलं. मग पप्पांना. मोठ्या मम्मीने डोळे पुसले की हसू दाबलं, कळलं नाही. आणि या गोंधळात चिमी उठली आणि तिने तोंड एवढंसं वासून असा टाहो फोडला, की कुत्रा पुलावरून खाली पळाला.

"साडेदहा होऊन गेले, ताई," वॉचमनने लांबून आठवण केली.

जाईबाई उठली. "चला. पण असं नाय चालणार. रांग मध्येच चुकलीय, ती आधी जागेवर आणायची. मानसे, त्या वेळी तुझं काम राहिलं. आज कर. आधी या पोरीला पलीकडे ने."

"आता? एवढ्या मोठीला?"

"उचलू नको, कंबर जाईल. हात धर."

स्पृहा एक पाऊल पुढे सरकली. रांगेत! ती रांगेत येणार! पण जाईबाईचं वाक्य सगळ्यांच्या डोक्यात उतरायला एक क्षण लागला, आणि सर्वांत आधी ते अपूर्वाला कळलं.

"थांब, आजी. स्पृहा गेली की ती होणार ना शेंडेफळ? म्हणजे चिमीला ती नेणार?"

उत्तर उघडं होतं.

"नाही," अपूर्वा म्हणाली. "आई, तू नाही नेणार हिला. मी आठवडाभर उशी घेऊन गॅलरीत प्रॅक्टिस करतेय. ताई, सांग ना! चिमी तुझी आहे!"

"माझं बाळ आहे की ट्रॉफी आहे गं?" अक्षदाताई चिमीला थोपटत वैतागली. "कोणीही न्या, पण आत्ता न्या. हिला भूक लागलीय."

मोठी मम्मी जागच्या जागी खिळली होती. एकीकडे पोटची पोर, ओठ काढून उभी. दुसरीकडे ती पोर, जी पंधरा वर्षांपूर्वी तिच्या हातात यायची राहिली होती. ती स्पृहाकडे बघत होती, आणि तिचा हात थोडा पुढे आला होता, थोडासाच, आणि तिथेच अडकला होता.

"नको, ताई," मम्मी हळूच म्हणाली. "अपूर्वाचं मन नका मोडू. आमचं राहिलं ते राहिलं. स्पृहा, चल, आपण बाजूला उभ्या राहू."

बाजूला! स्पृहाच्या कानशिलात रक्त चढलं. आयुष्यभर बाजूला उभं राहायचं! आता तर मान हातात आला होता, कायद्याने आला होता, खुद्द आजीने दिला होता. फक्त मोठ्या मम्मीचा तो अडकलेला हात धरायचा आणि चालायचं. मग चिमीला घ्यायचं, मधोमध चालायचं, अपूर्वाच्या समोरून. सोमवारी गाडीवर भक्तीला काय रंगवून सांगता आलं असतं! तिनेही प्रॅक्टिस केली होती. उशी नव्हे, किटची बॅग घेऊन, आरशासमोर, दाराला कडी लावून. हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिने अपूर्वाकडे पाहिलं. अपूर्वाने ओढणीची पिन काढली होती आणि ती पिन उघडत-मिटत होती. नाक लाल झालं होतं. स्पृहाला आत कुठेतरी गुदगुली झाली, गोड, वाईट गुदगुली. जळ, जळ! आणि त्याच क्षणी तिला ती गुदगुली ओळखीची वाटली. ती मम्मीच्या नेमक्या बिघडलेल्या करंज्यांसारखी होती. असंच सुरू होत असणार. आज अपूर्वाची ओढणी, उद्या दोघींची लग्नं, मग कुठलीशी साडी, मग कोणाचं तरी बाळ, आणि मग पुन्हा कोणीतरी पत्रे ठोकणार.

पण अपूर्वाला मान देऊन टाकायचा? छे! एवढी काही ती मोठ्या मनाची नव्हती. तिच्याने ते झालंच नसतं.

मधली रेषा ओलांडली आणि परतीच्या दोन्ही वाटा बंद झाल्या, की सर म्हणतात, तिसरी बघ. असतेच.

स्पृहा हसली. आधी स्वतःशी, मग तोंडभर. ती सरळ मोठ्या मम्मीपाशी गेली आणि तिने तो अर्धवट पुढे आलेला हात धरला. घामेजलेला होता, आणि त्याने स्पृहाची बोटं अशी आवळली की दुखलं.

"स्पृहा!" मम्मी म्हणाली.

"बघ, बघ हिला!" अपूर्वा रडवेली होऊन म्हणाली.

"अपू, एक मिनिट गप्प बस, मग हवं तेवढं रड." स्पृहा आईवडिलांकडे वळली. पुलाची पहिली पायरी तिच्या टाचेला लागत होती. "मम्मी, पप्पा, माझं ठरलंय. मला मोठी मम्मीच नेणार, आत्ता, मधोमध. पलीकडे उतरले की शेंडेफळ मी. पण पुलाच्या मानाने मी तेव्हा जेमतेम पाच मिनिटांची असणार, आणि पाच मिनिटांच्या पोरीला बाळ उचलता येतं का? अपूलाही नाही, मलाही नाही! शेंडेफळ लहान असेल तर त्याच्या जागी त्याची आई नेते. तेव्हा मम्मी, पदर खोच. मोठ्या मम्मीच्या नातीला तू नेणार आहेस."